बाळसं

काही शब्द बायकांनीच घडवले असावेत, असं मला नेहमी वाटतं. ‘बाळसं’ हा त्यांतलाच एक. वजन निराळं आणि बाळसं निराळं. वजन काट्यावर कळतं. बाळसं कळतं ते मनगटाशी पडलेल्या वळीवरून, गालावरच्या गुबगुबीतपणावरून आणि दुपट्यातून उचलताना हाताला लागणाऱ्या भारावरून. शिवाय क्रियापद पाहा! वजन वाढतं, बाळसं मात्र बाळ ‘धरतं’. जणू ते आसपास हवेत कुठंतरी असतं आणि बाळानं मूठ पुढे करून ते धरायचं असतं. आता बाळानं ती मूठ पुढे केलीच नाही तर? मग येणारी-जाणारी प्रत्येक बाई दुपटं बाजूला करून बघते आणि विचारते, “अगं, अजून बाळसं नाही का धरलं?” प्रश्न बाळाबद्दल असतो, पण लागतो तो आईला. लेकी बोले सुने लागे, तसा.

आणि ते मूल तिच्या पोटचं नसलं, नुसतं सांभाळायला आणलेलं असलं, तर तो प्रश्न दुप्पट लागतो. हे मी अनुभवानं सांगते आहे.

१९९१ ते २००२ या अकरा वर्षांत आमच्या पुण्याच्या घरात नऊ तान्ही मुलं राहून गेली. अनाथ आणि सोडून दिलेल्या मुलांना दत्तक देणारी एक संस्था होती. संस्थेत पाळणे पुष्कळ आणि हात थोडे. थोराड मुलं तिथं तगून जात; पण अपुऱ्या दिवसांची, किरकोळ अंगाची, सारखी आजारी पडणारी मुलं तिथं वाढत नसत. अशी मुलं दत्तक जाईपर्यंत काही घरांत ठेवायची, अशी योजना होती. दुधाची पावडर, कपडे, औषधं संस्था देई. माया आणि जागरणं घरानं द्यायची. इंग्रजीत या बाईला फॉस्टर मदर म्हणतात. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी ‘फास्टर मदर’ म्हणत. आणि चोवीस तास ज्या वेगानं उडून जात तो पाहता मला तेच नाव जास्त खरं वाटे.

लोक कौतुकानं ‘यशोदा’ म्हणत. ते मला कधी पटलं नाही. यशोदेला बिचारीला ठाऊकच नव्हतं की मांडीवरचं मूल देवकीचं आहे! ठाऊक असून सांभाळलं ते राधेनं, अधिरथ सूताच्या बायकोनं. नदीतून वाहत आलेलं मूल तिनं उचललं, आणि पुढे सगळं कळल्यावरही कर्ण राधेयच राहिला. आमचं आणखी वेगळं. मूल आपलं नाही हेही ठाऊक आणि ते जाणार हेही ठाऊक. आमच्या जवळचं उदाहरण कृत्तिकांचं. सहा जणींनी पाजून वाढवलेलं ते मूल शेवटी आपल्या घरी गेलं. पण जाताना नाव त्यांचं घेऊन गेलं, कार्तिकेय. दिवाळीच्या पाडव्याला सुरू होणारा कार्तिक महिनाही त्याच कृत्तिकांच्या नावाचा आहे.

तर आमच्या नऊ जणांतली सहावी होती ठकी. १९९७ च्या ऑगस्टातल्या पहिल्या सोमवारी ती आली. कागदावर तिचं एक चांगलंसं नाव होतं. ते इथं सांगायचं नाही. सासूबाईंनी तिला पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं बाई, ही तर लाकडाची ठकी!” तेच नाव पडलं. खरोखरच ती लाकडी बाहुलीसारखी होती. दूध पाजलं की पाठीची कमान करून ताठ होई, चेहरा लाल होई, आणि मग घेतलेलं दूध मानेवरून, कानामागून, माझ्या पदरावरून खाली जाई. पाच आठवड्यांची होती. जन्मली तेव्हा २ किलो १०० ग्रॅम भरली होती. माझ्या हाती आली तेव्हा २ किलो ४००. तान्ह्या मुलानं पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला वीस ते तीस ग्रॅमनं वाढावं, म्हणजे आठवड्याला दीडदोनशे ग्रॅम व्हावेत. जन्मानंतरचे आठदहा दिवस वजन जरा घटून भरून येण्यात जातात. ते सोडले तरी ठकीचा हिशोब बसत नव्हता.

दूध टाकणं ही गोष्ट नवी नव्हे. अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथं स्नायूंचं एक वळं असतं. घास खाली गेला की ते मिटतं. तान्ह्या मुलांमध्ये ते वरचेवर सैल पडतं. त्यात अन्न सगळं पातळ, नलिका आखूड, आणि बाळ दिवसाचे बहुतेक तास आडवं. मग दूध वर आलं तर नवल काय? डॉक्टर याला रिफ्लक्स म्हणतात. तीन महिन्यांच्या आतली जवळजवळ निम्मी मुलं दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. चौथ्या महिन्याच्या सुमाराला हे सगळ्यांत जास्त असतं. मूल बसू लागलं, घट्ट खाऊ लागलं की कमी होत जातं, आणि वर्षाचं होईपर्यंत बहुतेकांचं थांबतं. मूल हसतंय, खेळतंय, बाळसं धरतंय आणि वर दूधही टाकतंय, तर त्याचा त्रास मुलाला नसतो; कपडे धुणाऱ्याला असतो. अशा मुलाला औषध लागत नाही, लाळेरी लागतात!

परंतु काही खुणा दिसल्या की हसण्यावारी न्यायचं नसतं. उलटी हिरवी असणं, पिचकारीसारखी लांब उडणं, तिच्यात रक्त दिसणं, श्वास अडकणं, ताप, दूध समोर आणताच मुलानं तोंड फिरवणं. आणि यांत सगळ्यांत मुकी खूण म्हणजे वजन न वाढणं. ती रडत नाही, ओरडत नाही. काट्यावर ठेवल्याशिवाय ती बोलतच नाही.

ठकी आली तशी वाड्यातली सल्लागार मंडळीही आली. समोरच्या काकूंनी बाळघुटीची पुरचुंडीच आणली: वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, अतिविष, हिरडा, सगळं जिथल्या तिथं. कुणी ग्राईप वॉटर सुचवलं. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या वुडवर्ड नावाच्या औषधवाल्यानं १८५१ साली काढलेलं हे पाणी आपल्याकडे इतकं रुळलं की ते आजीबाईच्या बटव्यातलंच वाटतं! कुणी म्हणालं, दुधात भाताची पेज घाला, म्हणजे जड होऊन खाली बसेल. सासूबाईंचं निदान सर्वांत सोपं होतं: “दृष्ट लागली आहे.” हे सगळं मी डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टर वयानं मोठे, स्वभावानं शांत. म्हणाले, “आजींना सांगा, मीठमोहऱ्या खुशाल ओवाळा. अंगावरून काय उतरवायचं ते उतरवा. पोटात मात्र दुधाखेरीज काही घालू नका.” सासूबाईंना हा निवाडा मान्य झाला. दोन्ही पक्ष खूश होतील असा निवाडा देणारे डॉक्टर विरळा.

मग त्यांनी मला विचारलं, “संस्थेत दिवसाला किती दूध देत होते?”

“साठ-साठ मिलिलिटर, सहा वेळा.”

“म्हणजे तीनशे साठ. किलोमागे दीडशेच्या हिशेबानं हिला तेवढंच लागतं. दूध बरोबर आहे. भांडं लहान आहे.” आणि त्यांनी चिठ्ठीवर औषधाच्या जागी लिहिलं: ‘३६ × १०’.

पालथ्या घड्यावर पाणी अशी आपल्याकडे म्हण आहे. इथं घडा सुलटाच होता, पण त्याचं झाकण सैल होतं. तो काठोकाठ भरला की सांडायचाच. संस्थेत तरी काय करणार? तीन आया आणि तीस मुलं. दहा-दहा वेळा पाजणं तिथं कसं शक्य होतं? तेच तीनशे साठ, पण दहा हप्त्यांत, एवढीच ती युक्ती होती. बाकीच्या सूचनाही अशाच साध्या. बाटलीच्या बुचाचं भोक मोठं असलं की दूध धारेनं येतं आणि दुधाबरोबर वाराही गिळला जातो, तेव्हा वाटी-चमच्यानं पाजा. पावडर डब्यातल्या मापानंच, वर सुरी फिरवून सपाट करून घाला. पातळ केलं तर बाळ उपाशी, घट्ट केलं तर मूत्रपिंडावर भार. अर्धं पाजून झालं की ढेकर काढा, सगळं झालं की पुन्हा काढा. मग अर्धा तास खांद्याशी उभं धरा. बसवू नका, बसवलं की पोट दुमडतं आणि दूध उलट वर येतं. निजवताना पाठीवर, सपाट. उशी नको, सासूबाईंनी शिवलेली मोहरीची उशीसुद्धा नको.

आईचं दूध मिळतं तर फारच उत्तम झालं असतं, असंही ते म्हणाले. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली होती. आशियातली ती पहिली मानली जाते. कुणा आयांचं जास्तीचं दूध कुणा दुसऱ्यांच्या अशक्त बाळांना तिथं मिळत होतं. आमच्या ठकीच्या वाट्याला मात्र डब्यातलं दूध होतं. तेच निगुतीनं द्यायचं होतं.

आता वाचक भगिनींनी हिशोब करावा. छत्तीस मिलिलिटर दूध चमच्याचमच्यानं पाजायला पंचवीस मिनिटं. पुढे अर्धा तास खांद्यावर. म्हणजे एका वेळेला पाऊण तासाच्या वर, आणि दहा वेळा म्हणजे दिवसाचे नऊ तास! मोठमोठ्या कचेऱ्यांत याहून कमी काम चालतं. एकटीच्यानं हे निभणं शक्य नव्हतं, म्हणून घरानं पाळ्या लावल्या. रात्री दोनची पाळी ह्यांची. दिवसभर बँकेत आकडे मांडणारा हा माणूस रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात मापाच्या पेल्याशी डोळे लावून उभा राही आणि ‘छत्तीसचे अडतीस झाले’ म्हणून दोन मिलिलिटर काढून टाकी. पहाटेची पाळी सासूबाईंची. घड्याळाकडे बघण्याचं त्यांना वावडं. त्या ठकीला खांद्यावर घेत आणि पाढे सुरू करत; बे एके बेपासून तिशीपर्यंत, आणि वर पावकी-निमकी. पावकी-निमकी संपली की अर्धा तास झालाच म्हणून समजावं! संध्याकाळी शाळेतून आल्यावर माझा चौदा वर्षांचा मुलगा तिला घेऊन गॅलरीत फेऱ्या घाली आणि इतिहासाच्या सनावळ्या घोकी. ठकीचं शिक्षण असं फार लवकर सुरू झालं.

आणि एक दोनशे पानी वही केली. वेळ, किती घेतलं, किती टाकलं, शू, शी, झोप. ‘किती टाकलं’ या रकान्यावरून आमच्यात वाद होत. टाकलेलं दूध नेहमीच जास्त दिसतं. डॉक्टरांनी एकदा टेबलावर दोन चमचे पाणी ओतून दाखवलं. वाटीभर सांडल्यासारखं दिसलं! तेव्हापासून आम्ही तीनच शब्द लिहू लागलो: थोडं, बरंच, सगळं. दर सोमवारी सकाळी, दूध पाजण्याआधी, अंगावर लंगोटसुद्धा न ठेवता, दवाखान्यातल्या त्याच एका काट्यावर वजन. काटा बदलला की वजनावर भरवसा ठेवता येत नाही.

पहिल्या आठवड्यात ९० ग्रॅम वाढले. दुसऱ्या आठवड्यात ८०. हवे होते दीडशे, पण दिशा बरी होती. दिवसाला दहा-अकरा वेळा दूध टाकणारी ठकी चार वेळांवर आली. कमान करणं थांबलं. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट उतरली. वाड्यातल्या बायकांनी माझी पाठ थोपटली. पी हळद नि हो गोरी असं काही होत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण मनातून मी सुखावले होते.

तिसऱ्या सोमवारी वाढ २० ग्रॅम. चौथ्या सोमवारी १० ग्रॅम घट!

ते दोन सोमवार मला अजून आठवतात. दूध तेवढंच जात होतं, उलट्या कमी झाल्या होत्या, ठकी आमच्याकडे टक लावून बघू लागली होती; आणि काटा मागे सरकत होता. संस्थेत तिच्यासाठी एक जोडपं ठरत आलं होतं. मूल असं रोडावलं तर ठरलेलं पुढे ढकलावं लागेल, कदाचित मोडेलही, असं संस्थेच्या कार्यकर्त्या बाईंनी मला हळूच सांगितलं. समोरच्या काकूंनी मात्र हळू आवाजाची तसदी घेतली नाही. “रक्ताचं नातं नाही, म्हणून अंगी लागत नाही हो,” त्या म्हणाल्या. मी काही बोलले नाही. खांद्यावर ठकी होती आणि तिचा अर्धा तास अजून व्हायचा होता.

डॉक्टरांनी वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली. मग म्हणाले, “दूध टाकणं कमी झालं म्हणजे वजन वाढायला हवं होतं. ते वाढत नाही, म्हणजे हे नुसतं दूध टाकणं नव्हे. दुसरं काहीतरी तिचं खाल्लेलं खातं आहे.” त्यांनी लघवी तपासायला पाठवली, तीही साध्या पिशवीत धरलेली चालणार नव्हती, बारीक नळीनं काढलेली हवी होती. दोन दिवसांनी अहवाल आला: मूत्रमार्गात जंतूंचा संसर्ग. ताप नव्हता, रडणं नव्हतं. एवढ्या लहान मुलात कधी कधी तो असा गुपचूप येतो. दूध टाकणं आणि वजन न वाढणं, एवढ्याच खुणा दाखवतो. रिफ्लक्सचं नाव एकदा लागलं की प्रत्येक उलटी त्याच्याच खाती मांडली जाते, आणि खरा चोर मागच्या दारानं घर धुऊन नेतो.

तीन दिवस रुग्णालयात इंजेक्शनं झाली, पुढे घरी औषध. सोनोग्राफीत मूत्रपिंडं चांगली दिसली, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. पाचव्या सोमवारी ११० ग्रॅम वाढले. सहाव्या सोमवारी १९०. सातव्या सोमवारी २२०. काटा हलायचा थांबेना म्हणून परिचारिकेनं ठकीला उचलून पुन्हा ठेवलं, तरी तेवढेच! पोटात दूध टिकू लागलं तसं डॉक्टरांनी किलोमागे दीडशेचे एकशे ऐंशी केले. दूध ती अजूनही टाकत होती, दिवसातून दोनतीनदा. पण आता ते फक्त धुण्याचं काम होतं. दिवाळीच्या आदल्या सोमवारी ठकी चार किलोंच्या वर गेली. नरकचतुर्दशीच्या पहाटे सासूबाईंनी तिला पायांवर घेऊन तेल लावलं आणि तिच्या मनगटाशी बोट थांबवून मला हाक मारली, “सूनबाई, इकडे ये. वळी बघ.” दोरा बांधल्यासारखी एक बारीक वळी तिथं पडली होती.

या सगळ्यात दूध टाकण्यावर डॉक्टरांनी एकही औषध दिलं नाही. त्या काळात सिसाप्राइड नावाचं औषध या तक्रारीवर सर्रास दिलं जाई. हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा घातक परिणाम होतो असं दिसल्यावर अमेरिकेत २००० साली ते बाजारातून काढलं गेलं आणि आपल्याकडे २०११ साली त्यावर बंदी आली. आम्ल कमी करणारी औषधंही मधल्या काळात फार वापरली गेली. युरोप-अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१८ साली मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत हसतखेळत दूध टाकणाऱ्या मुलाला ती देऊ नयेत असं स्वच्छ म्हटलं आहे. त्रास होणाऱ्या मुलाच्या बाबतीतही आधी पाजण्याची रीत सुधारा, गायीच्या दुधातलं प्रथिन मानवत नाही का हे दोन ते चार आठवडे ते बंद करून पाहा, आणि मग औषधाकडे वळा, असा क्रम सांगितला आहे. अर्थात हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वाड्यातल्या काकूंच्या नव्हे. पाठीवर निजवण्याचा आग्रह तर आता जगभर धरला जातो. दूध टाकणाऱ्या मुलालाही पालथं किंवा उशीवर चढवून निजवायचं नाही.

काकूंचं ते रक्ताच्या नात्याचं वाक्य मात्र माझ्या मनात पुष्कळ दिवस राहिलं. पुढे कधीतरी वाचनात एक हकीकत आली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, एल्सी विडोसन नावाच्या आहारशास्त्रज्ञ बाई जर्मनीत दोन अनाथालयांतल्या मुलांची वजनं घेत होत्या. दोन्हीकडे शिधा सारखाच. सहा महिन्यांनी एका घरातल्या मुलांना जास्तीचा पाव, जॅम आणि संत्र्याचा रस सुरू केला. त्यांची वजनं भराभर वाढायला हवी होती. पण ती दुसऱ्या घरातल्या मुलांपेक्षा मागे पडली! शोध घेतला तेव्हा कळलं, की नेमकी त्याच सुमाराला या घरात एक कडक व्यवस्थापिका बदलून आली होती. ती जेवणाच्या वेळी मुलांना सगळ्यांसमोर झापायची. मुलं रडायची आणि पुढ्यातलं अन्न निवून जायचं. तिची लाडकी आठ मुलं ती बरोबर घेऊन आली होती. त्यांची वजनं मात्र छान वाढली. १९५१ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आलं.

अन्न अंगी लागायला मायेचा हात लागतो, हे त्यावरून कळतं. मायेला रक्ताचं नातं लागतं, असं मात्र त्यात कुठंच नाही. त्या मुलांचं कुणाशीच रक्ताचं नातं नव्हतं.

तरीही मायेच्या नावानं फार टाळ्या पिटायला मी तयार नाही. नुसत्या मायेनं ठकीचा संसर्ग गेला नसता. उलट माया डोळ्यांना फसवते. उलट्या कमी झाल्या, मूल ओळख दाखवू लागलं, एवढ्यावर आम्ही सगळे खूश होतो. खूश नव्हता तो फक्त काटा. माया मोजता येत नाही असं म्हणतात, ते खरंच आहे. पण ती मोजून-मापून करता येते. छत्तीस मिलिलिटर, दहा वेळा, अर्धा तास, दर सोमवारी. दोनशे पानी वहीतले ते कोरडे आकडे मी जेव्हा पाहते, तेव्हा मला त्यांत रात्री दोन वाजता डोळे ताणून पेला पाहणारे हे दिसतात आणि पहाटेची पावकी ऐकू येते.

डिसेंबरात ठकी गेली. पाच किलो शंभर ग्रॅम. तिच्या वयाला हे वजन कमीच होतं, पण आलेखावरची तिची रेघ वर चढत होती, आणि डॉक्टर म्हणतात की आकड्यापेक्षा रेघेची दिशा पाहावी. तिच्या प्रत्येक शंभर ग्रॅमबरोबर तिचा जाण्याचा दिवस जवळ येतो आहे, हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. तरी कुणी एका वेळचं दूधही कमी दिलं नाही. नव्या आईनं तिला घेतलं ते थेट खांद्यावर. संस्थेच्या बाईंनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. तिचे हात थरथरत होते. मी वही तिच्या पिशवीत घातली आणि म्हटलं, “थोडं दूध टाकेल. घाबरू नका. सोमवारी वजन करा.” तिनं मला वाकून नमस्कार केला, आणि मग काय बोलावं ते आम्हा दोघींनाही सुचलं नाही. त्या रात्री दोन वाजता हे सवयीनं उठले, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन झोपले.

आता कायदे बदलले आहेत. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संगोपनाची आणि दत्तकाची रीतसर तरतूद आहे; २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि तो येईपर्यंत मूल नव्या आईबापांकडेच दत्तकपूर्व संगोपनात राहतं. तेव्हा असं किरकोळ, दूध टाकणारं मूल आता बहुधा नवख्या आईच्याच हाती पहिल्यांदा येतं. तिनं नऊ महिने वाट पाहिलेली नसते. काही जणींनी वर्षानुवर्षं पाहिलेली असते. आणि अचानक एके दिवशी ते मूल तिच्या पदरावर सगळं दूध ओकून मोकळं होतं.

आपल्या शेजारी असं एखादं घर असेल तर या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन अवश्य जा. दुपटं बाजूला करून बाळसं तेवढं पाहू नका, आणि घुटीही नेऊ नका. हात स्वच्छ धुवा, त्या आईला म्हणा, “तू जरा अंग टाक,” आणि पुढचा अर्धा तास ते मूल खांद्याशी उभं धरा. पाढे येत असतील तर म्हणा. पदरावर थोडं दूध सांडेल. ते धुतलं की जातं.